उष्टी शेवंती

वेंकटलक्ष्मी : ‘लक्ष्मी, मधमाशीनं चाखलेलं फूल देवाला चालतं, माशीनं चाखलेलं उष्टं!’ सासूबाई विहिरीवरून ओरडायच्या. अजून कानात घुमतं गं, वेदू.

वेदवती : म्हणून परडी तशीच ठेवून बसलीस, आत्या?

वेंकटलक्ष्मी : मग काय करू? तुला मद्रासच्या शाळेत नोकरी लागली तर घरच्या शेवंतीची माळ घालीन, असं पेरुमाळ देवाला बोलले होते. उद्या तू गाडीत बसणार, आणि आज फुलाफुलावर ही पिवळ्या पट्ट्यांची बया! मधमाशीच ना? बघ की. प्राणिशास्त्र शिकलीस ते कशाला?

वेदवती : पेल्याखाली धरलीय. भिंग दे... पंख दोनच.

वेंकटलक्ष्मी : नीट मोज.

वेदवती : मधमाशीला चार असतात. हिच्या पंखांमागं टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारक्या गुठळ्या आहेत, बघ. मिशा आखूड. आणि डोळे केवढे! डोकं म्हणून वेगळं उरलंच नाही.

वेंकटलक्ष्मी : पट्टे आहेत की!

वेदवती : ते सोंग. पाखरांनी मधमाशी समजून सोडून द्यावं म्हणून. माशीच आहे, आत्या.

वेंकटलक्ष्मी : अय्यय्यो! खोटं बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

वेदवती : देवाच्या फुलाबद्दल? तूच कान उपटला असतास. थांब, हे पान उलटं कर. माव्यात ही हिरवट अळी दिसते?

वेंकटलक्ष्मी : शी!

वेदवती : हिचंच पोर ते. मावा खाऊन वाढतं. गेल्या वर्षी माव्यानं झाडं काळी पडली, एक कळी धड नव्हती. यंदा या पोरांनी वाचवली.

वेंकटलक्ष्मी : शेणपाणी मी घातलं, आणि राखण हिनं केली?... सोड तिला. राखणारीनं घासभर गोड खाल्लं तर ते उष्टं कसलं? सासूबाईंना वर गेल्यावर मी समजावीन. केळीचा वाख भिजत घातलाय, आण.

वेदवती : हा घे वाख. परडी दे, मी गुंफते. आत्या, आईबाबा गेल्यावर तू उचललं नसतंस तर मी कुठं असते?

वेंकटलक्ष्मी : गाठ घट्ट मार. सगळी गल्ली हेच म्हणते, लक्ष्मीनं भावाची पोर जगवली. मी आपली ऐकून घेते.

वेदवती : खरंच आहे की.

वेंकटलक्ष्मी : कुणाला बोलले नाही कधी. तुझे आतोबा गेले तेव्हा मी अन्न सोडलं होतं, पोरी. मग तुला कुणी आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तू भुकेनं रडत होतीस. तुझ्यासाठी दहीभात कालवला... तुला भरवता भरवता मीही जेवले.