खारीचे केस कशानं गळाले

लोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक म्हातारं जोडपं डॉक्टरांना भेटून बाहेर आलं आणि औषधाची वाट बघत माझ्या शेजारी बाकावर टेकलं. आजीच्या मांडीवर टोपलीत खार होती. तिच्या पाठीवरचे केस पार गेले होते.

“डाक्टर म्हणले, गोड खाऊन केस गळायलेत. तिला गोड देतंय कोण?”

“मला काय ठाऊक?”

“डोळे उघडले नव्हते तवापासून म्या कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवली. पेरू, काकडी, शेंगदाणे, सगळं माझ्या हातचं.”

“सून देत आसंल.”

“पुनम महिना झाला माहेरी हाय, नायगावला. काल तुमचा सदरा धुताना खिशात चुरा सापडला.”

“तंबाखूचा आसंल.”

“म्या चाखून बघितला. तंबाखू गोड लागती का?”

“आता काय बोलावं तुला.”

“खरं बोलावं. तुमाला शुगर हाय, आन् हिचा जीव चिमणीएवढा.”

“तू पाण्याला गेलीस की मी बिस्किटं खातो. ती खांद्यावर येती, तोंडाकडं बघती. तिला टाकून कसं खावं?”

“म्हणून शेंगदाण्याला शिवत नव्हती व्हय! किती देता?”

“दोन. दोन तिला, दोन मला.”

“रोज?”

“हाव.”

तेवढ्यात कंपाउंडर बाटली घेऊन आला.

“आजी, हे दिवसातून दोनदा पाजा. महिन्याभरात केस येतील. गोड मात्र एकदम बंद.”

“साहेब, एवढं शेवटचं जरा ह्यांच्याकडं बघून सांगा.”