मशीनचं कुंकू

हसू नका, त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. धाराशिवच्या आमच्या लॅबमध्ये काचपट्टी स्कॅन करणारं मशीन नुकतंच आलं होतं. गाठीचा तुकडा इथं काचेवर लावायचा, त्याचा फोटो पुण्याला पाठवायचा, आणि डॉक्टर तिकडं स्क्रीनवर तपासणार. मशीन चालवायला मी, तेही नवशिकी.

पहिलीच काच येरमाळ्याच्या एका मावशींच्या गाठीची. मावशी बाहेर बाकावरच बसलेल्या. फोटो उघडून बघते तर सगळीकडं लालभडक कण! तेवढ्यात पुण्याहून डॉक्टरांचा फोन. "अगं, हे काय आहे? असं मी कधी बघितलं नाही."

त्यांनीच असं म्हटल्यावर मी काय समजायचं? दारातून मावशी विचारतायत, "पोरी, लई वाईट हाय का गं?" मी नुसतं फोनकडं बोट दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, "थांब. पेशी धूसर दिसतायत तिथंही हे कण स्पष्ट आहेत. म्हणजे ते गाठीत नाहीत, वरच्या झाकणाच्या काचेवर पडलेत. काच पूस बरं."

पुसली, तर कापूस लाल! सकाळी आमच्या थोरल्या सरांनी मशीनची पूजा केली होती. कुंकू इतकं वाहिलं होतं, की काच ठेवायच्या ट्रेमध्येही सांडलं होतं.

दुसरा फोटो स्वच्छ आला. गाठ साधी निघाली. मावशींनी डोळे पुसले, कनवटीची पुडी सोडली आणि थेट मशीनकडं निघाल्या. "आमच्या येडेश्वरीचं कुंकू हाय, ह्याला लावते."

मी धावत मध्ये उभी राहिले. "मावशी, पाया पडते तुमच्या, मला लावा!"