नानांची मिजास अन् बाबूचं पातेलं

मिजास बघायची तर आमच्या तलवाड्याच्या नानांची. बाबूच्या हॉटेलात चहा प्यायचा, पण आपल्याच म्हशीच्या दुधाचा. त्यासाठी रोज सकाळी घरून तांब्याभर दूध पाठवायचे. हॉटेलाची जागाही त्यांचीच, म्हणून कुणी बोलायचं न्हाई.

उर्दू शाळेतले रफिक सर मात्र एकदा बोलून गेले. "नाना, मिजास हा शब्द मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ मिसळणं. जुने हकीम म्हणायचे, अंगात चार रस मिसळतात तवा माणसाचा मिजाज बनतो."

"आमच्यात कायबी मिसळलेलं न्हाई," नाना तापले. "चहात पण न्हाई. बाबू, सांग बे सरांना!"

बाबू फडक्यानं टेबल पुसत राहिला. नानांनी पुन्हा दरडावलं तसा हळूच म्हणाला, "नाना, पातेलं एकच हाय. तुमचं दूध डेअरीच्या दुधातच ओततो."

आमी कप खाली ठेवले. बाबूचं हॉटेल आता उठलंच म्हणा.

नानांनी कपात बघितलं, उरलेला चहा संपवला अन् आमच्यावरच डाफरले, "म्हंजे इतकी वर्षं तुमी समदे माझ्या म्हशीचं दूध पिताय, अन् एकानं तरी कधी तिचं नाव काढलं का?"