माथेरानचा रोजचा खर्च

(डोंबिवली, १९५३. विषमज्वरातून नुकत्याच उठलेल्या मंदाकिनीला ठाण्याच्या डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. नवरा, हरिहर, कचेरीतून येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलाय. ती तांदूळ निवडतेय. जीव दमलाय, पण माथेरानचं नाव ऐकून जरा हुशारी आलीय. सासूबाई आत जप करताहेत, कान मात्र बाहेर.)

हरिहर : ...म्हणजे खोलीचे तीन, दोघांच्या जेवणाचे तीन. दिवसाला सहा रुपये. चार दिवस निभतील कसेबसे.

मंदाकिनी : डॉक्टर आठ म्हणाले होते.

हरिहर : डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! बरं, नेरळहून वर छोटी गाडी धरू, की चालत चढशील?

मंदाकिनी : अहो, न्हाणीपासून चुलीपर्यंत येताना भिंत धरावी लागते मला.

हरिहर : मग गाडीच. पण पॉइंट पायी बघायचे हं, घोडाबिडा नको.

मंदाकिनी : पॉइंट तुम्हीच बघा. मला झाडाखाली सतरंजी टाकून द्या. दुसऱ्याच्या हातचं ताट समोर यावं, एवढंच मागणं आहे माझं.

आई : हरिहर, मला एकटीला इथे टाकून जाणार होय रे?

हरिहर : छे छे, आई! तू आहेसच की.

मंदाकिनी : आत्तापर्यंत दोघांचा हिशेब चालला होता.

हरिहर : हळू बोल गं. तिला मागे ठेवून गेलो तर लोक काय म्हणतील?

आई : माझं ओझं नाही हो व्हायचं. एकच वेळ तर जेवते मी. फक्त खाणावळीतलं चालायचं नाही. सोवळ्यातला वरणभात मिळाला की झालं.

हरिहर : बघ, उलट स्वस्तच पडेल! खाणावळ रद्द. स्टोव्ह नेऊ, डाळ-तांदूळ नेऊ, चार भांडी. सहाचे साडेचारावर आले. पाच दिवस राहू की!

मंदाकिनी : आणि स्टोव्हपाशी कोण बसणार?

हरिहर : आता... थोडंसंच तर करायचं.

मंदाकिनी : पहाटे उठून, आंघोळ करून, ओलेत्याने पाणी भरून. इथे करते तेच, फक्त थंडीत.

हरिहर : अगं, पण हवा तर मिळेल!

मंदाकिनी : असं करा. तुम्ही आणि आई जाऊन या. मी इथेच निजते. पाच दिवस पेज पिऊन राहीन, पण उठणार नाही.

आई : ऐकलंस? मग तिकडे माझं कोण करणार?

मंदाकिनी : रागाने नाही म्हणत, आई. मला झेपत नाही. खरंच नाही झेपत.

आई : अरे, समजाव की तिला. बोल काहीतरी.

हरिहर : मी करीन.

आई : काय करशील?

हरिहर : स्वयंपाक. सोवळं नेसून करीन. तिलाही न्यायचं, आणि तिने हात लावायचा नाही.

आई : तू? चहाचं आधण तरी ठेवलंयस का कधी?

हरिहर : नाही ठेवलं. मंदा शिकवेल.

मंदाकिनी : शिकवीन. पण उद्या. आत्ता मला जरा पडू द्या.