झाकण नसलेला ऑर्गन

—नाही, तिथे टेकू नका, मेइंदर्ट, लाकडाला लावलेलं तेल ओलं आहे अजून! काळ्या कोटाला लागलं तर तुमची बायको माझ्या नावानं खडे फोडेल. हां, त्या ओकच्या फळीवर बसा. कॉफी घ्या. बिस्किट एकच, चर्चच्या मंडळीचे पंच झालात म्हणून दोन नाही मिळणार! कशाला आलात ते ठाऊक आहे मला — रविवारी प्रभुभोजन, भावाभावांत वैर असेल तर प्रभूच्या मेजाशी बसता येत नाही, आम्ही दोघंही एकवीस वर्षं बसलो नाही, म्हणून तुम्ही आधी माझ्या भावाकडे, लुबर्टकडे जाऊन आलात. काय म्हणाला तो? — थांबा! आत्ता नको. आधी हा ऑर्गन बघा तरी.

दोन वर्षं लागली मला. पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली तीस पायपट्ट्या, आवाज कॉम्प्युटरमधून — सुरू केलं की घरातल्या घरात अख्खं चर्च घुमतं. पण सांगाडा विकतचा नाही हं, लुबर्टच्या अंगाच्या मापाचा आहे. बोलणं नाही तर माप कसं घेतलं म्हणता? आमच्या आल्त्येवहिनीनं त्याची रविवारची विजार गुपचूप आणून दिली, तिच्यावरून पाय मोजला, बाकाची उंची काढली. बिचारा त्या रविवारी जुन्या विजारीत चर्चला आला! आणि आवाज बदलायच्या खुंट्या बघा, सगळ्या डावीकडे. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत ना त्याची. जड काम सगळं पायांवर टाकलंय, पाय धड आहेत त्याचे... काय? पट्ट्यांवर झाकण? झाकण कशाला? धूळ पडली तर पुसेल की! नाही, विसरलो नाही — चाळीस वर्षं सुतारकी करतोय, झाकण विसरेन मी? लावलं नाही, झालं! — अहो, लावलं नाही म्हटलं ना!

बरं. गावानं तुम्हाला काय सांगितलंय? आमच्या बापाच्या ऑर्गनचं झाकण पडलं, लुबर्टची बोटं गेली, झाकण भावानं बसवलेलं, म्हणून तेव्हापासून तो त्याच्यावर डूख धरून आहे. आणि हा रीकेल्ट बघा, किती मोठ्या मनाचा, त्याच्यासाठी ऑर्गन करतोय — हेच ना? पडलं म्हणे! पितळी बिजागऱ्या मी स्वतः बसवल्या होत्या, ढकलल्याशिवाय ते झाकण जागचं हलत नव्हतं! मी ढकललं, मेइंदर्ट. मी आपटलं. अकरा वर्षं सराव केला मी, आणि चर्चमध्ये वाजवायला मंडळीनं निवडलं त्याला. ठीक आहे, गिळलं. पण त्या शनिवारी आलो तर हा बापाच्या ऑर्गनवर बसून माझंच वाजवतोय — स्तोत्राच्या आधीचे सूर, मी बसवलेले, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये वाजवणार होता! आणि म्हणतो कसा, ‘तुझंच आहे रे, पण तुझ्या हातात मरतं ते.’ हसून! मग आपटलं मी. हाड मोडल्याचा आवाज ऐकलाय कधी? सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा. तिथे थांबायला हवं होतं ना? तो ओरडलासुद्धा नाही. मी झाकण उचललं, त्याला वाटलं सोडतोय — आणि मी पुन्हा आपटलं. वर गुडघा ठेवून दाबलं. पट्ट्यांच्या फटींतून रक्त उतरलं खाली. आणि बरं वाटलं मला! सांगा जाऊन पंचांना, बरं वाटलं! आई धावत आली, तर हाच म्हणतो, ‘झाकण पडलं.’ त्यानं म्हटलं, मी नाही. मी फक्त गप्प बसलो. मग चर्चमधल्या ऑर्गनच्या बाकावर कोण बसलं? मी. दर रविवारी मी वाजवतो आणि तो तिसऱ्या रांगेत पेपरमिंट चघळत ऐकतो.

असं बघू नका. हातोडा हातात आहे तो कामाचा. राग गेलाय असं मात्र समजू नका — ते भिंतीतलं भोक परवाचंच, एक पायपट्टी बसेना म्हणून. तेवढ्यासाठी झाकण नाही, कळलं? मी आहे तसा आहे, निदान आपटायला काही नको. आता बोला. काय म्हणाला? घेईल का? वाजवेल का?

काय? — पुन्हा सांगा. ‘झाकण लाव, मग येतो’? त्याला कोण बोललं झाकणाचं — आल्त्येवहिनी, दुसरं कोण! नाही लावणार. वेड लागलंय त्याला! म्हणजे तो बसणार, पट्ट्यांवर हात ठेवणार, वर उघडं झाकण आणि बाजूला मी उभा? ‘रीकेल्टला बाजूलाच उभा राहू दे’ — हेही म्हणाला?

... 

उठा. कॉफी राहू दे. काही बोलू नका, मेइंदर्ट, खरंच काही बोलू नका आता. तुम्ही बसलाय ती फळी द्या इकडे, झाकणाला पुरेल ती — आणि जा.