मोर्णेच्या डोहातलं भिंग

तुमी हासता, पन माहं डोकं अजून तापते, बाप्पा! पुसाच्या थंडीत कापसाची गाडी घेऊन मी अकोल्याले चाललो होतो. मोर्णेकाठी एक गोरा साहेब पेटीतून लोकायच्या तसबिरी काढून राहिला होता. त्याच्या पेटीचं भिंग डोहात पडलं. साहेब रडकुंडीले आला, म्हनून म्या घोंगडं काठावर टाकून बुडी मारली. गार पान्यानं छाती आवळून आली, तरी गाळ चाचपून भिंग काढलं. साहेबानं माह्याच घोंगड्यानं ते पुसलं! वरून म्हने, “अब तुम्हारा तसबीर. पानी में खडा रहो!”

मी कुडकुडत उभा राहिलो, तं खेकसला, “हिलता क्यूं है?”

म्या बाहेर येऊन घोंगडं हिसकलं. म्हनलं, “तुमी उतरा पान्यात, साहेब. मी पाहतो, कोन हलते ते!”