न प्यायची कॉफी

हाजी नवाफ : अबू सक्र, खरं सांगा, अजून किती खाली उतरायचंय?

अबू सक्र : उतरायचं संपतच आलं, हाजी. मग वर चढायचं तेवढं राहिलं.

हाजी नवाफ : या अल्लाह! हा पुतण्या मला म्हणाला, काका, जरा पाय मोकळे करून येऊ. आता पाय आहेत की गळून पडले, तेच कळेना झालंय.

अबू सक्र : असे चकचकीत बूट घालून घळीत कुणी उतरतं का? हे लग्नाला जायचे बूट.

हाजी नवाफ : छे हो, लग्न कसलं! कुणाचं लग्न? सहज आलो. सांग ना रे रकान.

रकान : सहजच. काकांना घळ बघायची होती.

अबू सक्र : बघा की. आधी उजवा पाय त्या खोबणीत घाला. पोटाकडे नका बघू, दगडाकडे बघा.

हाजी नवाफ : पोटापलीकडचा दगड दिसला तर बघेन ना!

अबू सक्र : मग बूड टेका आणि घसरा. लाजू नका, अम्मानचे भलेभले इथं बुडावरच उतरतात. रकान, तू मात्र या वसंतात कितव्यांदा आलास रे? तुला वाट दाखवायला आता मलाच कसंतरी होतं.

रकान : आवडते मला... घळ.

अबू सक्र : हं. घळ. बसा त्या कण्हेरीच्या सावलीत, पाय पाण्यात सोडा. मी काटक्या आणतो, कॉफी टाकू.

(अबू सक्र वळणापलीकडे जातो.)

हाजी नवाफ : गेला का? हुश्श! रकान, याला सगळं कळलंय रे.

रकान : कळू दे. पाहुण्याला, का आलात, असं विचारता येत नाही, म्हणून गप्प आहेत. काका, लक्षात आहे ना? पहिला पेला हातात आला की खाली ठेवायचा. प्यायचा नाही. म्हणायचं, आमचं मागणं आहे, हो म्हणालात तरच पिऊ.

हाजी नवाफ : मला शिकवतोस? अख्ख्या करक शहरातली निम्मी लग्नं मी असाच पेला खाली ठेवून जमवलीत! तुझा बाप असता तर त्यानंही मलाच पुढं केलं असतं.

रकान : मग त्यांच्या घरी का नाही गेलो?

हाजी नवाफ : घरी गेलो असतो तर चाळीस माणसं जमली असती. त्यांच्यासमोर नाही म्हणाला तर नाक कापलं जाईल. इथं नाही म्हणाला तर ऐकायला शेळ्या. म्हणून आधी चाचपून बघायचं, कळलं?

रकान : काका, नाही म्हणाले तर... मला त्यांच्या मुलीशिवाय, वदहाशिवाय दुसरी कुणी नको. खरंच सांगतो.

हाजी नवाफ : अरे वेड्या, तोंड काय पाडतोस? मी आहे ना! गप्प, आला बघ.

(अबू सक्र काटक्या पेटवून कॉफी टाकतो.)

अबू सक्र : उकळली एकदाची. घ्या हाजी, पहिला पेला तुमचा. वेलची जरा सढळ पडलीय.

हाजी नवाफ : अहाहा, काय वास सुटलाय! वेलचीवरून आठवलं. माझ्या टायरच्या दुकानात एकदा एक गिऱ्हाईक आलं, आणि मला म्हणतं... वा! जीवात जीव आला बघा. हां, तर ते गिऱ्हाईक...

रकान : काका!

हाजी नवाफ : काय? विंचू? कुठाय?

रकान : तुम्ही प्यायलात!

हाजी नवाफ : कोण? मी?... अरे देवा.

अबू सक्र : का हो, कडू लागली?

हाजी नवाफ : नाही नाही, फक्कड आहे! अजून एक घाला बघू. पटकन घाला.

अबू सक्र : घालतो की. पण दुसरा पेला मजेचा. मागणं मागायचा तो पहिला. दुसऱ्यावर मागणं मागितलेलं माझ्या आजोबांनीही पाहिलं नसेल.

हाजी नवाफ : निम्म्या करकची लग्नं जमवणारा मी, आणि घरच्या पोराच्या वेळी माती खाल्ली! मार रकान, तुझ्याच हातानं दोन थोबाडीत मार.

रकान : राहू द्या, काका.

अबू सक्र : थांबा जरा. माझा पेला भरू द्या. हं. हा ठेवला खाली.

हाजी नवाफ : अहो, हे काय? यजमान कधी पेला खाली ठेवतो का?

अबू सक्र : पाहुणाच विसरला, तर यजमानानं काय करावं? माझं मागणं आहे, हाजी. हो म्हणालात तर पितो.

हाजी नवाफ : बोला, बोला!

अबू सक्र : वदहा मी तुमच्या घरी देतो. पण तिची ही वाट बंद करायची नाही. आज सहलीच्या बायकांना वाट दाखवत ती ही घळ उतरते, तशी लग्नानंतरही उतरेल. आई गेल्यावर पोर माझ्या मागं मागं इथंच वाढली. द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून हे दिलं. ते तिच्याकडून काढून घेऊ नका.

हाजी नवाफ : अवघड बोललात, अबू सक्र. आमच्याकडं सुना अशा... लोक काय म्हणतील? हाजी नवाफची सून परक्यांना कडेकपारी दाखवत हिंडते?

रकान : मान्य आहे.

हाजी नवाफ : तू गप्प बस. मोठी माणसं बोलताहेत.

रकान : नाही बसणार. कॉलेजच्या सहलीला मी पहिल्यांदा आलो, तेव्हा त्या वरच्या कपारीत अडकलो होतो. पोरं पुढं निघून गेली. मागून बायकांना घेऊन वदहा येत होती. ती खाली उभी राहिली आणि तिनं मला बोलत बोलत उतरवलं. एकदाही हसली नाही.

अबू सक्र : तो रडका पोरगा तूच होय! घरी येऊन महिनाभर हसत होती ती.

रकान : रडलो नव्हतो. डोळ्यांत वाळू गेली होती. काका, अहो, ती नसती तर मी घरी आलोच नसतो. तिचं हेच बंद करायचं, तर मग मी घरी आणतोय कुणाला?

हाजी नवाफ : हे घरी कधी बोलला नाहीस.

रकान : आई घाबरली असती.

हाजी नवाफ : त्या कपारीतून? मघाशी मी चार हातपाय टेकून आलो ती?

रकान : तीच.

हाजी नवाफ : हं... लोकांचं काय घेऊन बसलात! लोक सगळे वर राहतात. एकजण खाली येत नाही हात द्यायला.

अबू सक्र : मग काय म्हणताय?

हाजी नवाफ : प्या, व्याही. गार होईल.